बागेतील अनोळखी सफरचंदाची जात ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये जुने घर विकत घेतले की मागच्या बागेत सफरचंदाचे एखादे झाड पुष्कळदा आयतेच मिळते. ते कोणी लावले आणि ते कोणत्या जातीचे आहे हे सांगणारे मात्र कोणी उरलेले नसते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अशा झाडांविषयी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे ब्रिटनमधील हवामान आणि तेथील जाती गृहीत धरून लिहिली आहेत. महाराष्ट्रातील झाडांविषयी शेवटाकडे एक स्वतंत्र प्रश्न आहे.

प्रत्येक झाडाला जातीचे नाव असतेच का?

नसते, आणि शोधाला लागण्यापूर्वी हेच तपासून घ्यावे. सफरचंदाच्या बीपासून उगवलेले झाड मूळ झाडाच्या वळणावर जात नाही. प्रत्येक बी हा एक नवा वाण असतो. कोकणातील रायवळ आंब्याची जी गत, तीच याचीही. त्यामुळे नाव असलेली कोणतीही जात टिकवायची तर ती कलमानेच वाढवावी लागते. झाडाच्या बुंध्याशी, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, खोडाला फुगवटा किंवा किंचित बाक आहे का आणि त्याच्या वरची व खालची साल वेगळी दिसते का, हे पाहावे. कलमाचा सांधा स्पष्ट दिसत असेल तर ते झाड कोणीतरी निवडून, विकत आणून लावलेले आहे आणि त्याला नाव असण्याची शक्यता पुष्कळ आहे. सांधा दिसला नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या झाडांत तो बुजून जातो किंवा मातीखाली गेलेला असतो. मात्र झाड कुंपणाच्या अगदी कडेला, रस्त्यालगत किंवा रेल्वेमार्गाच्या उतारावर असेल, तर कोणीतरी खाऊन फेकलेल्या सफरचंदातील बी तेथे रुजली असावी अशी शंका घ्यायला जागा आहे.

नाव नसलेले फळ कमी प्रतीचे असते असे मात्र कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये स्वयंपाकासाठी सर्वाधिक वापरले जाणारे ब्रॅम्ली हे सफरचंद असेच योगायोगाने जन्मले. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या गावी मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ च्या सुमारास त्याची बी लावली. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाकडे आले, आणि हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकेवाल्याने कलमे करण्याची परवानगी मागितली तेव्हा फळाला आपले नाव द्यावे या अटीवर ब्रॅम्लीने ती दिली. बी लावणाऱ्या मुलीचे नाव मागे पडले ते पडलेच.

एकाच झाडावर दोन प्रकारची फळे लागतात, हे कसे?

याची दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे एकाच खोडावर दोन-तीन जातींची कलमे बांधलेली झाडे लहान बागांसाठी मुद्दाम विकली जातात. अशा वेळी प्रत्येक मुख्य फांदी म्हणजे स्वतंत्र झाड समजावे आणि फळे वेगवेगळी ठेवावीत. दुसरे कारण अधिक त्रासाचे असते. कलम ज्या खुंटावर बांधले आहे तो खुंट सांध्याच्या खालून फुटतो, आणि वरचा भाग अशक्त असेल तर खुंटाचीच फांदी झाडाचा ताबा घेते. असे झाले तर फळ खुंटाचे असते आणि ते सहसा लहान व चवीला सामान्य निघते. आज ब्रिटनमध्ये सर्रास वापरले जाणारे एम ९, एम २६, एमएम १०६ हे खुंट केंटमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधनातून आलेले आहेत. फांदी सांध्याच्या वरून निघते की खालून, एवढे पाहिले तरी पुष्कळ महिन्यांची पायपीट वाचते.

घर किती जुने आहे यावरून काही अंदाज येतो का?

येतो, आणि हा धागा लोक फारसा वापरत नाहीत. आधी झाडाचे वय घराच्या वयाशी ताडून पाहावे. दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेल्या उपनगरी घरांमागे ब्रॅम्ली, कॉक्स, वूस्टर पेअरमेन, जेम्स ग्रीव्ह, लॅक्स्टन्स सुपर्ब, एलिसन्स ऑरेंज, चार्ल्स रॉस अशा जाती अधिक आढळतात. झाड १९७० नंतर लावलेले असेल तर डिस्कव्हरी, ग्रीनस्लीव्ह्ज यांसारखी नावे विचारात घ्यावी लागतात. या अंदाजाचा खरा उपयोग उलट्या दिशेने होतो: ऐंशी वर्षांच्या झाडाला गाला किंवा ब्रेबर्न म्हणणे कसे चुकीचे आहे ते लगेच कळते, कारण त्या जाती ब्रिटनमधील बागांत फार उशिरा पोहोचल्या.

पश्चिम लंडन आणि स्लाव परिसरातील वाचकांसाठी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. ज्या कॉक्सेस ऑरेंज पिपिन जातीची इंग्रज माणूस एवढी वाखाणणी करतो, ती रिचर्ड कॉक्स या निवृत्त मद्यउत्पादकाने १८२५ ते १८३० च्या सुमारास स्लावलगतच्या कोलनब्रुक येथे बीपासून वाढवली. त्या भागात तेव्हा फळबागा होत्या. आज शेजारी हीथ्रो विमानतळ आहे.

ओळखण्यासाठी फळ कधी तोडावे?

ते पूर्ण तयार झाल्यावरच. कच्च्या फळावरून जात ओळखण्याचा प्रयत्न हे फसगतीचे सर्वांत मोठे कारण आहे, कारण ऑगस्टच्या आरंभी जवळजवळ सगळी सफरचंदे हिरवी, कडक आणि आंबट असतात. फळ तळहातात धरून वर उचलावे आणि हलकेच फिरवावे. देठासकट सहज सुटले तर ते पाडाला आले आहे. एक फळ कापून बिया पाहाव्यात: त्या पांढऱ्या असतील तर थांबावे, तपकिरी झाल्या असतील तर बहुतेक जातींच्या बाबतीत वेळ आलेली असते. निरोगी फळे आपोआप गळू लागली तर तीही खूण आहे, पण किडीमुळे गळणारी फळे त्यात मोजू नयेत.

तयार होण्याची तारीख वहीत टिपून ठेवावी, कारण एका तारखेने निम्म्या जाती बाद होतात. ब्यूटी ऑफ बाथ जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तयार होते, डिस्कव्हरी ऑगस्टमध्ये, जेम्स ग्रीव्ह व वूस्टर पेअरमेन सप्टेंबरमध्ये, कॉक्स सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी, ब्रॅम्ली ऑक्टोबरमध्ये. एसेक्समधील डार्सी स्पाइस ही जात तर नोव्हेंबर उजाडेपर्यंत झाडावर ठेवण्याची रीत आहे. त्याचबरोबर फळ किती टिकते तेही पाहावे. लवकर येणारी जात आठवड्या-दोन आठवड्यांत पिठूळ होते, तर चांगले ठेवलेले ब्रॅम्ली मार्चपर्यंतही वापरता येते. म्हणून चार-सहा फळे थंड, काळोख्या जागी सुटी मांडून ठेवावीत आणि दर पंधरा दिवसांनी एक कापून चव, रंग आणि गराचा पोत लिहून ठेवावा.

किती फळे आणि कोणती निवडावीत?

पाच-सहा फळे पुरतात, पण ती झाडाच्या नेहमीच्या फळांची प्रतिनिधी असली पाहिजेत. माणसाचा कल सर्वांत मोठे आणि देखणे फळ निवडण्याकडे असतो आणि नेमके तेच दिशाभूल करते. सफरचंदाच्या फुलांच्या झुबक्यात मधले फूल आधी उमलते आणि त्याचे फळ इतरांहून मोठे, बेढब किंवा जाड, मांसल देठाचे होऊ शकते, ते वगळावे. नवीन झाडाला पहिल्या दोन-तीन वर्षांत येणारी फळेही अवास्तव मोठी असतात. उन्हाच्या बाजूची, मध्यम आकाराची, न किडलेली, न खरचटलेली फळे देठासह घ्यावीत आणि त्यांबरोबर पानांसहित एक कोवळी डहाळी ठेवावी. फळे धुऊ किंवा पुसू नयेत, कारण सालीवरची पांढुरकी लव किंवा मेणचटपणा हीदेखील खूण असते. पाठवायची झाल्यास वर्तमानपत्रात गुंडाळावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजतात आणि दोन दिवसांत ओळखण्यापलीकडे जातात.

फळात नेमके काय पाहायचे?

रंग सोडून सगळे, असे म्हणण्याचा मोह होतो. रंग ऊन, सावली, पाऊस आणि वर्ष यांप्रमाणे बदलतो. एकाच झाडाच्या उत्तरेकडील फांदीवर हिरवी आणि दक्षिणेकडील फांदीवर लालबुंद फळे मिळतात. तरीही रंग पाहावाच, पण दोन थरांत: सालीचा मूळ रंग हिरवा, पिवळा की पांढुरका, आणि त्यावर चढलेली लाली एकसंध आहे की पट्ट्यापट्ट्यांची.

त्यानंतर फळ बाजूने पाहून आकार ठरवावा. ते चपटे आहे, गोल आहे, खाली निमुळते होत गेले आहे की उभट आहे? अंगावरून बोट फिरवल्यावर कड्या, म्हणजे उभे उंचवटे, जाणवतात का? देठाकडचा भाग हा पुढचा मुद्दा. देठ आखूड व जाड की लांब व सडपातळ, तो खळग्याच्या बाहेर डोकावतो की आतच राहतो, आणि खळग्याभोवती भुरकट, खरबरीत थर पसरला आहे का, हे पाहावे. असा थर काही जातींत फक्त देठाशी असतो, तर एग्रेमाँट रसेट आणि अ‍ॅशमीड्स कर्नल यांसारख्या जातींत तो जवळजवळ संपूर्ण फळ व्यापतो. त्यामुळे ज्यांना अशी खरबरीत फळे मिळतात त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावे, कारण स्पर्धक जातींची यादी एकदम आखूड होते.

फळाच्या दुसऱ्या टोकाला फुलाची वाळलेली निदले, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दले, शिल्लक असतात. अनुभवी ओळखणारे सर्वाधिक वेळ येथेच घालवतात, कारण हा भाग हवामानाने फारसा बदलत नाही. निदले एकमेकांवर मिटलेली आहेत की उघडी, लांब आहेत की आखूड, ती ज्या खळग्यात बसली आहेत तो खोल आहे की उथळ, आणि त्याच्या कडेला सुरकुत्या किंवा उंचवटे आहेत का, हे भिंगातून पाहून लिहावे. ब्लेनिम ऑरेंजमध्ये, उदाहरणार्थ, निदले ठळकपणे उघडी असतात आणि खळगा रुंद असतो. जे फळ लांबून तसे दिसते पण ज्याची निदले घट्ट मिटलेली आहेत, त्याचा विचार सोडून द्यावा.

सर्वांत शेवटी स्पर्श. साल कोरडी, गुळगुळीत की मेणचट? ब्रॅम्ली साठवणीत ठेवल्यावर हाताला तेलकट लागते.

फळ कापल्यावर काय कळते?

दोन फळे घेऊन एक देठापासून तळापर्यंत उभे आणि दुसरे मध्यावर आडवे कापावे. उभ्या कापात निदलांच्या खाली एक लहानशी नळी दिसते. ती शंकूसारखी आहे की नरसाळ्यासारखी, आणि वाळलेले पुंकेसर तिच्या तोंडाशी, मध्ये की तळाशी चिकटलेले आहेत, हे पाहावे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट हॉग या फळतज्ज्ञाने याच खुणांवर सफरचंदांचे वर्गीकरण उभारले आणि आजही जाणकार त्यांचा आधार घेतात. आडव्या कापात गाभ्याचे पाच कप्पे दिसतात. ते बंद आहेत की मध्यभागी उघडे, हे नोंदवावे. बिया भरीव आणि टपोऱ्या आहेत की पोचट, हेही पाहावे. ब्रॅम्ली, ब्लेनिम ऑरेंज आणि रिब्स्टन पिपिन या जाती त्रिगुणित आहेत, म्हणजे त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. अशा जातींत चांगल्या बिया कमी भरतात, झाड आडदांड वाढते आणि पानेही मोठी असतात.

गराचा रंग कापल्या कापल्या पाहावा, कारण तो लगेच तांबूस होऊ लागतो. डिस्कव्हरीच्या सालीलगत पुष्कळदा गुलाबी छटा उतरलेली दिसते. पिकलेले कॉक्स कानाजवळ धरून हलवले तर आत बिया खुळखुळतात, अशी जुनी खूण सांगतात आणि ती बहुधा खरी ठरते.

चवीचा आणि शिजवण्याचा उपयोग होतो का?

चव शब्दांत पकडणे कठीण असते, तरी काही जातींचा स्वाद इतका ठाम असतो की तो विसरता येत नाही. वूस्टर पेअरमेन झाडावर नीट पिकले तर स्ट्रॉबेरीची आठवण देते, एलिसन्स ऑरेंजमध्ये बडीशेपेची झाक असते, आणि एग्रेमाँट रसेटला सुक्यामेव्यासारखी कोरडी, खमंग चव असते. शिजवण्याची परीक्षा अधिक विश्वासार्ह आहे: सोललेल्या फोडी थोड्या पाण्यात पाच-सात मिनिटे शिजवाव्यात. ब्रॅम्ली फसफसून फुलते आणि तिचा हलका, आंबट लगदा होतो. कॉक्सच्या फोडी आकार टिकवून ठेवतात. ज्यांना आपले झाड ब्रॅम्लीचे आहे हे या परीक्षेतून कळेल, त्यांनी त्या आंबट फोडींचे मोहरी घालून लोणचे जरूर करून पाहावे. कैरीची सर येत नाही, पण परदेशात वेळ भागते.

फुले आणि पाने पाहून जात कळते का?

एकट्या फुलांवरून नाही. फुलण्याचा आठवडा, कळ्यांचा गुलाबी रंग किती गडद आहे आणि पानांचा आकार, या गोष्टी आधीच दोन-तीन नावांवर आलेला शोध पक्का करायला मदत करतात. फळ काडीच्या टोकाला लागते की आखूड फळकाड्यांवर, ही खूण मात्र हिवाळ्यातही दिसते. वूस्टर पेअरमेन बरीचशी टोकाला फळते.

मोबाइलवरील अ‍ॅपने फोटो ओळखला, तर तो निर्णय मानावा का?

मानू नये. झाड सफरचंदाचे आहे एवढे अ‍ॅप बरोबर सांगेल. जातीच्या बाबतीत ते रंगावर भाळते. फोटो काढायचेच असतील तर ते माणसाला दाखवण्यासाठी काढावेत: बाजूने, देठाकडून, तळाकडून आणि दोन्ही काप, शेजारी मोजपट्टी ठेवून, सावलीतल्या उजेडात.

नेहमी गोंधळ होतो अशा जाती कोणत्या?

मोठे, हिरवे, आंबट फळ दिसले की प्रत्येक जण ब्रॅम्ली म्हणतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असते, पण न्यूटन वंडर आणि लेन्स प्रिन्स अल्बर्ट या जातीही तितक्याच जुन्या बागांत आहेत. ब्रॅम्लीचे फळ चपटे, थोडेसे वेडेवाकडे आणि कड्यांचे असते. न्यूटन वंडर अधिक गोल आणि सुबक, पिकताना पिवळे होऊन त्यावर लाल पट्टे येणारे, अगदी आखूड देठाचे. लेन्स प्रिन्स अल्बर्टचे झाडच लहान आणि लोंबत्या फांद्यांचे असते, ब्रॅम्लीसारखे पसरणारे नसते.

दुसरी जोडी डिस्कव्हरी आणि वूस्टर पेअरमेन यांची. दोन्ही लाल आणि दोन्ही लवकर येणाऱ्या, आणि त्यात वूस्टर पेअरमेन ही डिस्कव्हरीची पूर्वज मानली जाते. डिस्कव्हरी चपटी असते आणि आधी तयार होते. वूस्टर खाली निमुळती होत जाते आणि तिच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. कॉक्स आणि सनसेट यांच्यात सनसेटचे फळ लहान असते आणि झाड रोगांना कमी बळी पडते. आजारपणाशिवाय, भरघोस फळणारे ‘कॉक्स’ आपल्या बागेत असेल, तर ते कॉक्स नसून तिचे एखादे अपत्य असावे अशी शंका जरूर घ्यावी.

जाणकारांना फळ कोठे दाखवता येते?

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये गावोगावी ‘अ‍ॅपल डे’ साजरा होतो. कॉमन ग्राउंड या संस्थेने २१ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनमधील कव्हेंट गार्डन येथे त्याची सुरुवात केली. अशा ठिकाणी पुष्कळदा एका टेबलामागे जात ओळखून देणारे जाणकार बसलेले असतात. केंटमधील फेव्हरशॅमजवळ ब्रॉगडेल येथे राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तेथे सफरचंदाच्या २,००० हून अधिक जातींची झाडे जोपासलेली आहेत, आणि संशयित जातीच्या खऱ्या झाडाशेजारी आपले फळ धरून पाहण्याची सोय यापेक्षा चांगली कोठेही नाही.

जाणकाराने वेगळेच नाव सांगितले तर गोंधळू नये. एकाच जातीला अनेक नावे असणे हे सफरचंदांचे जुने दुखणे आहे. ब्लेनिम ऑरेंज ही जात आधी केम्पस्टर्स पिपिन या नावाने ओळखली जात असे. नावांचा हा घोळ निस्तरण्याच्या हेतूने १८८३ मध्ये लंडनमधील चिझिक येथे देशभरातील सफरचंदे एकत्र मांडली गेली होती.

डीएनए तपासणी करावी का?

फळाच्या खुणांवरून दोन-तीन नावांपर्यंत पोहोचून तेथे अडकलात, तर अवश्य करावी. उन्हाळ्याच्या आरंभी कोवळी पाने पाठवायची असतात. प्रयोगशाळा त्यांतील ठरावीक खुणा राष्ट्रीय संग्रहातील झाडांशी ताडून पाहते. फळ येण्याची वाट पाहावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. मर्यादाही आहे: एखाद्या जातीच्या झाडावर आपोआप बदललेली फांदी आली आणि तिच्यापासून अधिक लाल उपजात निघाली, तर नेहमीच्या तपासणीत दोन्ही एकच दिसतात. ब्रॅम्ली आणि क्रिम्सन ब्रॅम्ली यांतील फरक डोळ्यांनीच ठरवावा लागतो.

‘जुळणी नाही’ असे उत्तर आले तर झाड बीपासूनचे असण्याचा संभव मोठा आहे. पण तुमचे झाड दूरच्या दुसऱ्या एखाद्या अनामिक झाडाशी जुळले, तर दोन्ही झाडे कलमांपासूनच आलेली असणार, आणि मग एखादी विसरलेली जुनी जात हाती लागल्याची शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते.

महाराष्ट्रातील बागेत लावलेल्या सफरचंदाचे काय?

येथे काम उलट सोपे आहे, कारण उष्ण हवेत फळणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास हिमाचलातील कोटगढ भागात आणलेल्या रेड डिलिशियससारख्या जातींना हिवाळ्यात सुमारे हजार तासांची थंडी लागते, आणि ती नाशिकला किंवा पुण्याला मिळत नाही. त्यामुळे तेथील परसात सफरचंद फळले असेल तर ते बहुधा एचआरएमएन ९९, अ‍ॅना किंवा डॉर्सेट गोल्डन यांपैकी एक असते. पहिली जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी विकसित केली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अ‍ॅना इस्रायलची आणि डॉर्सेट गोल्डन बहामाची. फळ पिवळसर सोनेरी आणि लाली नाममात्र असेल तर डॉर्सेट गोल्डन, उभट आणि एका बाजूने लाल असेल तर अ‍ॅना, पिवळ्यावर लाल पट्टे असतील तर एचआरएमएन ९९, असा प्राथमिक कयास बांधावा. रोपाला लावलेल्या चिठ्ठीपेक्षा फळावर विश्वास ठेवावा.

यंदा फळच आले नाही. झाड छाटावे का?

नाव ठरेपर्यंत जबर छाटणी टाळावी. काही जाती, विशेषतः लॅक्स्टन्स सुपर्ब, एक वर्षाआड फळतात, आणि टोकाला फळणाऱ्या जातींची टोके कापली की पुढच्या वर्षीचे फळही जाते. सुकलेल्या, रोगट आणि एकमेकांना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, बाकी झाड तसेच राहू द्यावे.

सगळे करूनही नाव सापडले नाही तर?

फळ आवडत असेल तर झाडाची प्रत करून ठेवावी, कारण जुन्या झाडाला वादळ किंवा मुळांवरची बुरशी कधी गाठेल याचा नेम नसतो. झाड सुप्तावस्थेत असताना, डिसेंबर-जानेवारीत, मागील वर्षी वाढलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या कापाव्यात, ओलसर कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालाव्यात आणि फ्रिजमध्ये फळांपासून दूर ठेवाव्यात, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायूमुळे काड्यांवरचे डोळे, म्हणजे कळ्या, मरतात. मार्चमध्ये त्या एमएम १०६ च्या खुंटावर बांधता येतात. स्वतःला जमत नसेल तर अनेक रोपवाटिका दिलेल्या काडीचे कलम करून देतात. नव्या रोपाला नावाऐवजी गाव, वर्ष आणि मूळ झाडाची जागा लिहिलेली धातूची पट्टी बांधावी, आणि तीच माहिती कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांत ठेवावी.